बदामाचा ठसा

चुस्त, ११ मार्च

झोहिद,

सलाम लिहीत नाही. सलाम माणसांना करतात.

तुझ्या वकिलाची नोटीस काल पोचली. चार पानं, वर शिक्का, खाली सही. आई गेल्याला पाच वर्षं झाली, तिच्या यंदाच्या बरसीला तुझी एक ओळ आली नाही, आणि आलं ते हे! मी बाबांना वाचून दाखवली. नवीन लॅटिन लिपी त्यांना येत नाही, ते तर तुला ठाऊकच आहे. ते भट्टीपुढे बसले होते, चिमट्यात पातं होतं. मी वाचत गेले आणि पातं थंड पडलं. बाबांच्या हातात पातं थंड पडलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

“बदामाची आकृती, आत तीन ठिपके, हे चिन्ह आमच्या अशिलाच्या कंपनीच्या नावे आठव्या वर्गात, सुऱ्या व हातहत्यारं यांसाठी, दहा वर्षांकरिता नोंदलेलं आहे. नोंदणीधारकाच्या लेखी परवानगीवाचून कोणीही ते वापरू नये. वापरल्यास माल जप्त होईल व नुकसानभरपाई मागण्यात येईल.” असली भाषा. वाचताना माझ्या तोंडाला पाणी सुटलं. ओकारीच्या आधी सुटतं ते.

बाबा म्हणाले, “आठवा वर्ग? मी तर सातवीतूनच पळून भट्टीवर आलो.”

मी हसले नाही. मग त्यांनी विचारलं, “कोणीही म्हणजे? मीसुद्धा?”

“हो बाबा. कोणीही म्हणजे कोणीही.”

त्यांनी भिंतीवरचा ठसा काढला, अंगातल्या चापानच्या खिशात घातला. दुपारी त्यांनी एक सुरी पुरी केली, शिंगाची मूठ बसवली, आणि छाप न मारता तशीच बाजूला ठेवली. वयाच्या सोळाव्या वर्षापासून बाबांनी छाप न मारता सुरी ठेवलेली नाही. आता एकोणऐंशीचे आहेत.

हा बदाम आजोबांनी काढला. त्यांनी बाबांना दिला, मोहल्ल्यातल्या सगळ्या पांढऱ्या दाढ्यांसमोर, नान मोडून, हात उचलून, फातिहा देऊन. आणि तू? इस्त्रीचा शर्ट घालून, ताश्कंदच्या कुठल्याशा खिडकीपुढे रांगेत उभा राहून आमचा बदाम कागदावर चिकटवून देऊन आलास. आयत्या बिळावर नागोबा! शी! धाकटा तू. आपल्यात धाकट्यानं घर राखायचं असतं. घर मी राखलं, नवऱ्यानं टाकलेलीनं, आणि तू राखलास तो बदाम.

उत्तराला तीस दिवस दिलेत म्हणे. मला एक पुरला.

हे पत्र टॅक्सीवाल्या तोलिबच्या हाती देतेय, तो आठवड्यातून दोनदा घाट ओलांडून ताश्कंदला येतो. उत्तर द्यायचं तर त्याच्याकडेच दे. फोन करू नकोस. फोनवर तू मध्ये मध्ये बोलतोस.

मस्तुरा


चुस्त, २९ मार्च

झोहिद,

तुझं पत्र मिळालं. अर्धं पान. वर थोरल्या बहिणीला लिहितोस, “ओपा, नोटीस तुझ्या बाजारातल्या गाळ्याच्या नावाची होती. बाबांना का वाचून दाखवलीस?”

का म्हणजे? “कोणीही” हा शब्द तुझ्याच वकिलाचा आहे ना? की बाबा कोणीही नाहीत? मी एक अक्षर पदरचं घातलं नाही. आणि ते चार वर्षांपूर्वीचं पोतं पुन्हा उकरून काढलंस तर पुढचं पत्र न फोडता परत पाठवीन.

नौरोझच्या दुसऱ्या दिवशी बाबांना घेऊन नमंगानला गेले. शेजारणी अंगणात मोड आलेल्या गव्हाच्या सुमलकची कढई ढवळत होत्या, मी चमचाभरही न खाता निघाले. तिथे दिलोरोम म्हणून एक बाई आहे, हेच काम करते, ट्रेडमार्कचं. पन्नाशीची, सोन्याचे दोन दात, स्वतः चहा ओतून देते. तुझ्या वकिलासारखी चार पानं लिहीत नाही, चार वाक्यांत सांगते.

बाबांनी विचारलं, “पोरी, माझ्या बापानं काढलेली छाप माझ्या पोराची कशी झाली?”

ती बाबांना उस्तादाचा मान देत म्हणाली, “उस्तो, सरकारी दप्तरात पहिली कोणी ठोकली हे बघत नाहीत, पहिला अर्ज कोणाचा आला हे बघतात. चित्र द्यायचं, कशावर लावणार ते लिहायचं. आधी कागद पुरे आहेत का ते तपासतात. मग तसलंच चिन्ह तसल्याच मालावर आधी कोणाच्या नावावर आहे का ते शोधतात. तुमचं नाव दप्तरात नव्हतंच, मग सापडणार काय? दिला दाखला.”

“आणि दाखला मिळाला की?”

“मग दहा वर्षं तोच मालक. पुढे पुन्हा दहा, पुन्हा दहा. इतरांना अडवायचा हक्क त्याचा. पण याच देशात, आणि लिहिलेल्या मालापुरताच. तुमचा मुलगा सुऱ्या अडवू शकतो. उद्या तुम्ही नानवर बदाम उठवलात तर त्याला काही बोलता यायचं नाही.”

बाबा म्हणाले, “म्हणजे आता मी तंदूर लावू?”

दोघंही हसली. मला हसू आलं नाही. मला तिच्या टेबलावरचा शिक्क्याचा पॅडसुद्धा बघवत नव्हता.

तिनं विचारलं, “पण उस्तो, इतक्या वर्षांत तुम्ही का नाही नोंदवलीत?” त्यावर बाबा म्हणाले, “ज्याच्या अंगणात जर्दाळू आहे तो झाडावर आपलं नाव लिहितो का?” ती म्हणाली, “हल्ली लिहावं लागतं, उस्तो. नाहीतर कुंपणाबाहेरचा येऊन लिहितो.” ऐकतोयस ना, कुंपणाबाहेरच्या?

तर ऐक. दाखल्यावर अपील मंडळापुढे हरकत घेता येते. अर्ज करणाऱ्याला छाप कोणाची आहे हे पुरतं ठाऊक होतं आणि तरी त्यानं लबाडीनं आपल्या नावावर केली, एवढं सिद्ध करायचं. तुला ठाऊक नव्हतं म्हणून सांग बघू मंडळापुढे! ज्या भट्टीच्या राखेत रांगलास तिथली छाप तुला ठाऊक नव्हती! जुन्या सुऱ्या, जुने फोटो, मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्यांचे जबाब, सगळं गोळा करते आहे.

एका ठिकाणी मात्र ती बाई अडली. तिनं विचारलं, “हा ठसा आणखी कोणाकडे आहे का?” बाबांनी सरळ बोटं मोजली. हमदम, कोसिम, तो लंगडा ओरिफ, आणि बुलोकबोशी गावचा एक. चार शागीर्द, चार ठसे. शिकून बाहेर पडताना बाबा फातिहा देत आणि बदामाचा एक ठसा हातावर ठेवत. पहिल्या वर्षी नव्या हाताची सुरी कोण घेणार, म्हणून. वर्षानं त्यानं आपली छाप काढायची आणि बदाम परत करायचा, अशी रीत. पण परत मागितला कोणी? दुआ देऊन दिलेली वस्तू मागणं म्हणजे थुंकलेलं चाटणं, असं बाबांचं म्हणणं.

दिलोरोमनं पेन खाली ठेवलं. म्हणाली, “उस्तो, ग्राहक बदाम बघून काय समजतो? की ही सुरी एका घरची आहे, अमुक एका हाताची. चार हातांनी चार तऱ्हेच्या सुऱ्यांवर एकच बदाम मारला, आणि तुम्ही त्या सुऱ्या कधी बघितल्याच नाहीत, तर बदाम काय सांगतो? काहीच नाही.”

बाबांनी कप बाजूला सारला. मग म्हणाले, “शागीर्द माझे आहेत. वाईट काम करणार नाहीत.”

मी तेव्हा उठून पिशवी घेतली. बस चुकली असती.

मस्तुरा


चुस्त, २ मे

झोहिद,

तू पाठवलेला परवानगीचा कागद मिळाला. “उस्तो नोसिर यांना हे चिन्ह तहहयात, विनामूल्य वापरण्यास नोंदणीधारकाची संमती आहे.” वाहवा! बापानं आपल्या बापाच्या छापेसाठी पोराच्या संमतीवर सही करायची. विनामूल्य! केवढे उपकार! अरे, लाज कोळून प्यायलास की काय? मी तो बाबांना दाखवला नाही. दाखवणारही नाही.

आणि पोत्याबद्दल तू लिहिलंसच. ठीक आहे. परत पाठवीन म्हटलं होतं, नाही पाठवलं. वाचलं.

हो, विकते. बाबा आठवड्याला दोन सुऱ्या करतात. रविवारी बस भरून माणसं येतात, ताश्कंदची, परदेशची, आणि सगळ्यांना “नोसिर उस्तोंची चुस्तची सुरी” हवी असते. दोन सुऱ्यांत काय करू? गाळ्यात बसून जपमाळ ओढू? छप्पर मी घातलं, बाबांच्या छातीची औषधं मी आणते, गॅस बंद पडतो तेव्हा कोळसा मी आणते. तू घाटापलीकडे बसून उंटावरून शेळ्या हाक.

हमदम रशियाला जाताना त्याचा ठसा माझ्या हातात देऊन गेला, बाबांना द्या म्हणाला. तो माझ्या पेटीतच राहिला. घाऊक बाजारात तयार पाती पोत्यानं मिळतात. मी मुठी बसवून घेते, आणि बदाम मारते. एवढंच. चार वर्षांपूर्वी तू पोत्यात हात घालून एक पातं काढलंस, टिचकी मारलीस आणि आईच्या बरसीच्या जेवणातून ताटावरून उठून गेलास. मी मागे ओरडले होते, जा, परत येऊ नकोस. आलाही नाहीस.

पण म्हणून बदाम तुझा होत नाही! ऐकलंस? सुनावणी सोळा जूनला आहे. येते मी बाबांना घेऊन.

मस्तुरा


चुस्त, १९ जून

झोहिद,

तू तिथे होतास, सगळं बघितलंस, मग लिहायचं कशाला? पण मला कोणाला तरी सांगितल्याशिवाय गिळवत नाही, आणि या घरात आता माझ्याशी कोणी बोलत नाही. म्हणून ऐक, तू जिथे बसला होतास तिथून नाही, मी जिथे होते तिथून.

सकाळी निघताना बाबांनी नवीन टोपी घातली, वर बदाम भरलेली. मला म्हणाले, “पोरगं आपलंच आहे. त्याला समजावून सांगू, हरवायचं नाही.” मी म्हटलं, “हो बाबा.” माझ्या पिशवीत अकरा सुऱ्या होत्या, निवडून निवडून घेतलेल्या. सगळ्या बाबांच्या. पुरावा म्हणून.

मंडळाच्या खोलीत ते लांब टेबल. दिलोरोमनं आमच्या सुऱ्या मांडल्या, फोटो मांडले, म्हाताऱ्यांचे जबाब वाचले. किती छान चाललं होतं! तो मधला चष्मेवाला मान डोलवत होता. आणि मग तुझ्या वकिलानं ती कातडी बॅग उघडली. सहा सुऱ्या. प्रत्येकीला गाळ्याची पावती बांधलेली. माझ्या अक्षरात. “नोसिर उस्तो, चुस्त, हातकाम.”

मी ओळखल्या. मूठ बघूनच ओळखल्या. वाटलं, आता भोवळ येईल तर बरं. नाही आली. असल्या वेळी कधी येत नाही.

चष्मेवाल्यानं विचारलं, “उस्तो, या तुमच्या आहेत का?”

दिलोरोम उठली, म्हणाली, “माझ्या अशिलाला आधी…” पण बाबांनी हात केला. पहिली सुरी उचलली. अंगठ्याच्या नखावर धार टेकवली. मग पात्यावर टिचकी मारली आणि कानाशी नेली. चांगलं पोलाद गातं, हे काय तुला सांगायचं? ती गायली नाही. ठक्क केलं. दुसरी उचलली, ठक्क. तिसरी. सहाच्या सहा. प्रत्येक ठक्क माझ्या दातांत बसत होती.

“पत्रा आहे,” बाबा म्हणाले.

“पण चिन्ह तुमचंच ना?”

“बदाम माझा आहे. सुरी माझी नाही.” मग त्यांनी एका छापेवर बोट फिरवलं. तिसरा ठिपका जरा कललेला. “हा ठसा मी हमदमला दिला होता. हमदम तर नऊ वर्षं रशियात आहे.”

आणि त्यांनी पावती उचलली. अक्षर नव्या लिपीतलं, पण पोरीचं अक्षर बापाला वाचावं लागत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर मी भांडले असते. लसूण सोलताना आतली पाकळी काळी निघाली की आपण जसं बघतो ना, तसं पाहिलं, आणि पावती खाली ठेवून बोटं चापानला पुसली.

बोटं पुसली, झोहिद.

मग तू उठलास. मला वाटलं आता हा नाचणार. तू म्हणालास, “बाबा, मी म्हणूनच नोंदवली. दुसरा उपाय नव्हता.” त्यांनी विचारलं, “मला चार वर्षांत का नाही सांगितलंस?” आणि तू म्हणालास, “सांगितलं असतं तर ओपाचं नाव घ्यावं लागलं असतं.”

मेल्या! चार वर्षं मी तुला शिव्या घातल्या, साऱ्या मोहल्ल्यात तुझं नाव खराब केलं, बाबांसमोर रोज कडू बोलले, आणि तू तोंड मिटून बसला होतास! याच्यापेक्षा तू चोर असतास तर मला सोपं गेलं असतं.

पण तुलाही त्यांनी सोडलं नाही, हेही लिहिते. तुझ्या कारखान्यातली सुरी त्यांनी मागितली. चकचकीत, मखमलीच्या डब्यातली, बदाम लेझरनं कोरलेला. टिचकी मारली. थोडी गायली. “मशीनची?” तू म्हणालास, “हो बाबा, डब्यावर लिहिलंय तसं. लपवत नाही.” बाबा म्हणाले, “डबा लोक फेकून देतात, पोरा. बदाम राहतो.” तुझं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. पण मला त्याचाही आनंद घेता आला नाही.

शेवटी तू तो परवानगीचा कागद पुढे केलास. “ओपाकडे मे महिन्यातच पाठवला होता.” बाबांनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं नाही. तुला म्हणाले, “ठेव तुझ्याकडे,” आणि दिलोरोमला म्हणाले, “बाई, हरकत मागे घे.”

ती समजावत राहिली. “उस्तो, लबाडी नव्हती असं नाही, अजून लढता येईल. मागे घेतलीत तर दाखला त्याचाच राहील. मग तुम्हाला बदाम मारता येणार नाही, कायद्यानं.”

“ज्या छापेखाली हा पत्रा खपला ती मला मारायची नाहीये,” बाबा म्हणाले. “कायद्यानं नको म्हटलं ते बरंच झालं.”

परत येताना घाटमाथ्यावर बाबांनी टॅक्सी थांबवायला सांगितली. उतरताना मी हात दिला. त्यांनी दाराला धरलं. तोलिबनं सगळ्यांसाठी कुरुतच्या, सुक्या दह्याच्या, गोळ्या काढल्या, बाबांनी एक घेतली. मी नान मोडून पुढे केलं, ते म्हणाले, “तुझ्या हातचं नको.” एवढंच. आजही नको. शेजारची बाई आणून देते.

मस्तुरा


चुस्त, ७ जुलै

झोहिद,

तुझं पत्र तोलिबनं काल दिलं. “जाऊ दे ओपा. हरकत मागे घेतलीत ना, संपलं. मी कोणावर कारवाई करणार नाही. तू शांत राहा, बाबांना सांभाळ.”

जाऊ दे? कसं जाऊ दे? आधी काल, रविवारी, काय झालं ते ऐक.

सकाळी बाबा मला न सांगता बाजारात आले. चाळीस वर्षांत ते बाजारात बसलेले नाहीत, उस्तोनं भट्टी सोडून दुकानदारी करायची नसते असं ते म्हणायचे. माझ्या गाळ्यासमोर, वाटेच्या पलीकडे, कलिंगडवाल्याच्या शेजारी त्यांनी कापड अंथरलं. त्यावर तीन सुऱ्या ठेवल्या. शिंगाच्या मुठी, पाण्याची लाट दिसावी तशी पाती. कुठेही छाप नाही. आणि बसले मांडी घालून, माझ्याकडे तोंड करून.

माझ्या टेबलावर तीस होत्या. सगळ्यांवर बदाम.

मी उठून गेले. म्हटलं, “बाबा, घरी चला, ऊन आहे.” ते म्हणाले, “बाजूला हो, माल दिसत नाही.” कलिंगडवाल्यानं दात काढले. मला वाटलं त्याच्याच कलिंगडात तोंड खुपसावं.

मग ताश्कंदची बस आली. एक नवरा-बायको, बरी माणसं, बाई शिक्षिका असावी. आधी बाबांपाशी थांबली. नवऱ्यानं सुरी उचलली. बाबांनी त्याला टिचकी मारून ऐकवली. इतकी गोड गायली की मला वाटेपलीकडे ऐकू आली. तो खूश झाला. म्हणाला, “वा आजोबा! काय आवाज आहे! कोणाची?”

“माझी.”

“पण छाप कुठाय?”

“छाप नाही.”

बाई नवऱ्याच्या कानाशी वाकली, पण हळू बोलायची सवय नसावी. “अहो, छाप नाही म्हणजे कुठलीतरी असणार. बहिणीनं सांगितलंय, बदाम बघूनच घ्या. नोसिर उस्तोंची.”

“नोसिर उस्तो कुठे बसतात?” नवऱ्यानं विचारलं. कोणाला? बाबांना!

बाबांनी हात लांब केला आणि माझ्या गाळ्याकडे दाखवलं.

ती दोघं माझ्याकडे आली. बाई म्हणाली, “खरी आहे ना हो? फसवाफसवी फार चालते.” मी तिच्या खांद्यावरून बघितलं. बाबा बघत होते. वाट बघत होते, झोहिद. मी काय करते त्याची. एवढ्यासाठीच ते आले होते. मी नुसतं म्हणायचं होतं, “बाई, खरी त्या म्हाताऱ्याकडे आहे.” सात शब्दही नाहीत. जिभेवर आले होते.

मी म्हटलं, “बदाम आहे ना? मग झालं.” आणि गुंडाळून दिली.

पावतीसुद्धा लिहिली.

बाबांनी कापड गोळा केलं. तीन सुऱ्या चापानमध्ये घातल्या, कलिंगडवाल्याला खुदा हाफिज म्हटलं आणि गेले. मी गाळा बंद केला नाही. संध्याकाळपर्यंत आणखी नऊ विकल्या. घरी आले आणि हौदाच्या कठड्यावर बसून ओकले. तुला चार पानं लिहिली, दिलोरोमला सांगितलं, मंडळापुढे बसले, सगळ्यांना शी म्हटलं, सगळ्यांची किळस आली. आता कळतंय कशाचा वास येत होता. माझ्याच हातांचा.

म्हणून म्हणते, जाऊ दे म्हणू नकोस. ती नमंगानची बाई मला निघताना म्हणाली होती, “दाखला म्हणजे नुसतं दार. राखायला माणूस बसला नाही तर दार असून नसल्यासारखं.” तू चांगुलपणा करून दारातून उठतोयस. मी आत येईन. काल आलेच ना?

तर नोटीस पाठव. तीच पाठव, चार पानांची. बाबांचं नाव कुठे येऊ देऊ नकोस. माझं घाल, ठळक अक्षरात. गाळ्याचा नंबर बावीस आहे. माल जप्त करा असं लिही, मागच्या खोलीतली दोन पोतीही लिही, ती गाळ्याच्या पावत्यांत दिसायची नाहीत. हमदमचा ठसा पेटीत खालच्या कप्प्यात आहे, तो माझ्याकडून मागू नकोस, माणूस पाठवून काढून घे. मागितलास तर मी हरवला म्हणून सांगेन. स्वतःहून मी काही बंद करणार नाही, मी स्वतःला चांगली ओळखते.

वकिलाला म्हणावं, घाई कर. बाबांनी आज पुन्हा तीन पाती भट्टीत घातली आहेत. येत्या रविवारी ते परत येऊन समोर बसणार.

मस्तुरा